घाट चढून आलेली मिरची

कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिणेला, जेथे सह्याद्रीची धार कोकण, कर्नाटक आणि गोमंतक यांना एकमेकांच्या जवळही आणते आणि एकमेकांपासून विलगही ठेवते, तेथे चंदगडचा तालुका वसला आहे. त्याच्या पश्चिम कडेला पारगडाच्या तटावर उभे राहिले असता खाली तिलारीचे निबिड खोरे दिसते आणि त्या खोऱ्यापलीकडे दोडामार्गावरून गोव्याचा मुलूख सुरू होतो. उलट ताम्रपर्णी व घटप्रभा यांच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे चालू लागले, तर कोसाकोसाला पाऊस उणावत जातो, तांबडी माती काळवंडत जाते, भाताची खाचरे मागे पडतात आणि गडहिंग्लज-संकेश्वरच्या बाजूला हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील काळी राने लागतात. एका बाजूला नारळ-सुपारीची आगरे, मिरीचे वेल आणि मिठागरे. दुसऱ्या बाजूला ज्वारी, ऊस आणि मिरची. आणि या दोहोंच्या मध्ये भात व नाचणीवर निर्वाह करणारा, पावसाने झोडपलेला हा डोंगरी प्रदेश. अशा सीमेवरच्या मुलखाचा इतिहास सामान्यतः किल्ल्यांच्या आणि लढायांच्या अनुषंगाने लिहिला जातो. मला मात्र येथे एका पिकाचा इतिहास सांगावयाचा आहे. कारण गेल्या चारपाचशे वर्षांत या बाजूच्या माणसाच्या जीवनात जेवढा पालट त्या पिकाने घडविला, तेवढा कोणत्याही एका राजवटीने घडविला असे मला वाटत नाही.

या दोन भूमींना जोडणाऱ्या जुन्या वाटांपैकी महत्त्वाची वाट म्हणजे रामघाट. बेळगावाकडून निघालेली ही वाट चंदगडच्या मुलखातून हेऱ्याच्या बाजूने कड्यावर येई, भेडशीकडे उतरे आणि तेथून बांदे, वेंगुर्ले, डिचोली अशा पेठांकडे फुटे. पावसाळा सरून निसरडी वाट वाळली की लमाणांचे बैल या घाटाने चढउतार करू लागत. वरून धान्य, गूळ आणि कापड उतरे. खालून मीठ, नारळ, सुपारी आणि सुकी मासळी चढे. त्यात सर्वांत निकडीचा जिन्नस मीठ हा होय, कारण देशावरच्या माणसाला इतर सर्व वस्तूंवाचून एखादे वर्ष काढता येत असे, मिठावाचून मात्र एक महिनाही जाणे कठीण. घाटाच्या तोंडाशी ज्याचा अंमल, त्याची जकात. म्हणून आदिलशाहीच्या अंमलदारांपासून वाडीच्या सावंतांपर्यंत प्रत्येकाने या वाटेवर आपली नजर ठेवली होती. पोर्तुगीज दप्तरात व त्या काळच्या प्रवाशांच्या लेखनात घाटमाथ्यावरच्या या साऱ्या प्रदेशाला ‘बालाघाट’ असे नाव आढळते, आणि गोव्याच्या बेटांवरील शहराचे पोट या बालाघाटाच्या धान्यावर अवलंबून होते. बेळगावचा सुभेदार असदखान लारी, जो १५४९ मध्ये मृत्यू पावला, त्याच्याशी पोर्तुगीजांनी कधी सख्य तर कधी वैर केले, त्याच्या मुळाशी हेच परावलंबन होते.

परंतु पोर्तुगीज आले ते धान्यासाठी नव्हेत. ते आले मिरीसाठी. मिरीच्या मागे त्या काळी राज्ये चालत होती. इ. स. ४०८ मध्ये ॲलरिकने रोमला वेढा दिला, तेव्हा तो उठविण्यासाठी मागितलेल्या खंडणीत सोन्यारुप्याबरोबर ३००० पौंड मिरीही होती, यावरून त्या काळ्या दाण्याची योग्यता ध्यानात यावी. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा आदिलशाहीकडून हिसकावून घेतले, आणि त्यानंतर शंभर वर्षे पोर्तुगालच्या राजाने मिरीचा व्यापार हा आपला खासगत मक्ता मानला. समुद्रावर चालणाऱ्या देशी गलबतांना त्याचा परवाना घ्यावा लागे आणि परवान्यावाचून मिरी नेणाऱ्या गलबताची लूट होई. गेरसोप्प्याच्या चेन्नभैरादेवीला तर पोर्तुगीज लोक मिरीची राणी म्हणूनच ओळखीत. पुढे डच आले त्यांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास वखार घातली. इंग्रज आले त्यांनी १६३८ मध्ये कारवारला आणि १६४९ मध्ये राजापूरला ठाणे मांडले. आणि या सर्व वखारींच्या हिशेबाच्या वह्यांत मिरी हे अग्रपूजेचे नाव होते.

मिरीचे हे वैभव समजून घेताना एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या वेलींची फळे लिस्बन आणि ॲम्स्टरडॅम येथे तोलली जात होती, त्या वेली सह्याद्रीच्या याच पश्चिम उतारावर, सुपारीच्या बागांतून, झाडांच्या आधाराने चढत होत्या. तरीही घाटमाथ्यावरच्या कुणब्याच्या कालवणात मिरी क्वचितच पडे. कल्याणीचा चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला, आणि त्यातील अन्नभोगाचे वर्णन वाचले की मिरचीपूर्व दख्खनचे राजस पाकघर डोळ्यांपुढे उभे राहते: मिरी आहे, हिंग आहे, आले आहे, मोहरी आहे, जिरे आहे, आणि तिखटपणाचा सारा भार मिरी, आले व मोहरी यांच्यावर आहे. हे राजाचे ताट. सामान्य रयतेला सुंठ, आले, मोहरी, पिंपळी, कोकणच्या बाजूला तिरफळ, एवढ्यावर भागवावे लागे, आणि त्यातही कितीएक पदार्थ सणावाराचे किंवा औषधाचे. भाकरीबरोबर रोज खावे असे तिखट त्या काळच्या गरिबाच्या घरी नव्हते, हे आजच्या कोल्हापुरी माणसाला कल्पनेनेही पटणे अवघड आहे.

ज्या वस्तूने ही उणीव भरून काढली, तिची जन्मभूमी पृथ्वीच्या पाठीवर आपल्यापासून जवळजवळ विरुद्ध दिशेला होती. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका येथील लोक हजारो वर्षांपासून मिरची पिकवीत होते. पूर्वेची मिरी शोधण्यासाठी पश्चिमेकडे निघालेला कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर उतरला, तेथे त्याला मिरी मिळाली नाही, पण तेथील लोकांच्या जेवणात हे लाल फळ त्याने पाहिले. जानेवारी १४९३ च्या आपल्या रोजनिशीत त्याने त्याची नोंद केली, ते मिरीहून सरस असल्याचे मत दिले आणि त्या एका बेटावरून दरसाल पन्नास गलबते या मालाने भरता येतील असा अंदाजही लिहून ठेवला. ती पन्नास गलबते कधीच भरली गेली नाहीत. त्याचे कारण त्या वनस्पतीच्या प्रकृतीतच होते. मिरीच्या वेलीला उष्ण, दमट हवा हवी, आधाराला झाड हवे आणि फळ धरावयास काही वर्षांचा धीर हवा; म्हणून तिचा मुलूख ठरलेला आणि त्या मुलखाच्या बंदरांवर पहारा बसविणे शक्य. मिरचीचे बी मात्र वाळले की पुडीत बांधून समुद्रापार नेता येते, पुढच्या पावसाला रुजते आणि चारपाच महिन्यांत फळ देते. एका फळात पुष्कळ बिया आणि प्रत्येक बी म्हणजे पुढच्या हंगामाचे झाड. असल्या वस्तूचा मक्ता कोण कसा घेणार? ज्याच्या परसात एक वाफा आहे, तो बाजारापासून मुक्त झाला.

पोर्तुगीजांनी १५०० मध्ये ब्राझीलचा किनारा गाठला होता आणि त्यांची गलबते लिस्बन, ब्राझील, मोझांबिक व गोवा या बंदरांना एका सूत्रात गुंफीत होती. याच सूत्राने मिरची गोव्याला उतरली. त्याच गलबतांतून काजू आला, अननस आला, पेरू आला. या आगमनाची तिथी सांगता येत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे: खलाशाच्या शिदोरीतून आलेल्या वस्तूची पावती कोण ठेवतो? गोव्यात राहून वनस्पतींचा अभ्यास करणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये आपला संवादरूप ग्रंथ तेथेच छापून प्रसिद्ध केला. त्यात मिरी, वेलदोडा, लवंग, आले यांची साक्षेपाने चर्चा केली आहे, पण मिरचीला स्वतंत्र संवाद दिलेला नाही. उलट तिकडे यूरोपात, लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ च्या आपल्या ग्रंथात मिरचीची सुरेख चित्रे दिली आणि ती कालिकतची मिरी आहे असे लिहिले. अमेरिकेहून निघालेली वस्तू पन्नास वर्षांच्या आत इतकी दूर पसरली होती, की विद्वानाला ती हिंदुस्थानची वाटली.

येथे तंबाखूचे उदाहरण तुलनेला घेण्याजोगे आहे, कारण तीही अमेरिकेचीच आणि तीही पोर्तुगीजांच्या द्वारे आदिलशाही मुलखात शिरली. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापूरला आला, तेथे त्याने तंबाखू पाहिली, रत्नजडित चिलमीसह ती बादशहाकडे नेली. बादशहाने झुरका घेतला, हकिमांनी आक्षेप काढला, दरबारात वादविवाद झाला आणि हे सारे असदबेगाने लिहून ठेवले. मिरचीच्या वाट्याला असा दरबार आला नाही. अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांची वजनेमापे दिली आहेत, तेथे मिरी आहे, आले आहे, दालचिनी, लवंग, केशर आहे, परंतु मिरची नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती आग्र्याच्या ताटात नव्हती. ती खाली, गोव्याच्या आसमंतात, खलाशी, मासेमार, आगरातले कामकरी आणि पाव भाजणारे यांच्या घरात रुजत होती. पोर्तुगीजांच्या द्राक्षासव व लसणीत मुरविलेल्या मांसाला गोव्यात माडाच्या सुरीचा शिरका आणि लाल मिरची मिळाली व त्यातून विंदालू सिद्ध झाला. मोझांबिकच्या वाटेने काफ्रियाल आले. आणि कोकणी घरांतून नारळाच्या वाटणात मिरची मिसळून हुमण तांबडे झाले.

तेथून वर चढावयास तिला कोणाच्या फर्मानाची आवश्यकता नव्हती. मिठाच्या गोणीबरोबर, सुक्या मासळीच्या पाटीबरोबर, माहेरी आलेल्या लेकीच्या ओटीबरोबर ती घाट चढली असेल. रामघाट, पारपोली, चोर्ला अशा ज्या ज्या वाटांनी माणसे जात-येत होती, त्या सर्वच तिच्या वाटा मानल्या पाहिजेत. एकाच घाटाला हा मान देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु चंदगडच्या माथ्यावर आल्यानंतर तिचे काय झाले, हे तेथील निसर्गच सांगतो. घाटमाथ्याचा पाऊस तिला सोसत नाही. मुळाशी पाणी साचले की झाड पिवळे पडते आणि मरते. म्हणून माथ्यावर ती परसातल्या उंचवट्यावर, चुलीच्या राखेवर पोसलेली, घरापुरती राहिली आणि पुढे पूर्वेला, पाऊस मध्यम आणि ऊन कडक अशा हिरण्यकेशीच्या व घटप्रभेच्या काळ्या रानांत तिने आपले खरे घर केले. संकेश्वर, गडहिंग्लज आणि आणखी खाली दक्षिणेला ब्याडगी ही मिरचीची विख्यात नावे या एकाच पट्ट्यात सापडतात, हा योगायोग नव्हे. सागरकिनारा, घाट आणि काळी जमीन यांचे जे सान्निध्य या भागात आहे त्याचे ते फळ आहे.

शिवछत्रपतींनी १६७५ मध्ये फोंडा व कारवार घेतले आणि त्यानंतर १६७६ मध्ये गोव्याच्या सीमेवर पारगड बांधून वसविला. तानाजी मालुसऱ्यांचा पुत्र रायबा याच्याकडे त्या गडाची किल्लेदारी सोपविली, आणि त्या घराण्याचे व सोबत आलेल्या मावळ्यांचे वंशज आजही गडावर नांदत आहेत. त्या काळच्या शिबंदीचे अन्न काय असावे याचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. पावसाळ्याचे चार महिने ज्या गडाखाली उतरणे दुष्कर, तेथे नाचणी, तांदूळ, मीठ, सुकी मासळी एवढाच साठा टिकणार. अशा बेचव आणि एकसुरी अन्नाला रुची देणारी, वजनाने हलकी, वर्षभर न नासणारी आणि कवडीमोल किमतीची वस्तू म्हणून सुक्या मिरचीची योग्यता दुर्गम ठिकाणच्या माणसाला जितकी कळेल तितकी नगरवासीयाला कळणार नाही. अठराव्या शतकात मराठी घोडदळ दूरदूरच्या मुलखांत वावरू लागले, त्या काळापर्यंत भाकरी आणि तिखट ही जोडी देशावर दृढ झाली होती.

दुर्गमता आणि दारिद्र्य यांच्याशी मिरचीचे जे सख्य आहे, ते केवळ आपल्याकडचेच नव्हे. चीनमध्ये १५९१ मध्ये हांगचौ येथील गाओ लियान या रसिक ग्रंथकाराने मिरचीचे वर्णन केले ते एक शोभेचे झाड म्हणून. ती अन्नात आली ती समुद्रकिनाऱ्यावरच्या सुखवस्तू नगरांत नव्हे, तर क्वेइचौसारख्या अंतर्भागातल्या डोंगरी प्रांतात. तेथे मीठ दुर्मीळ आणि महाग होते, आणि अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या तेथील एका वृत्तांतात, डोंगरातले लोक मिठाच्या जागी मिरची खातात अशी स्पष्ट नोंद आहे. ज्याला रामघाटाने चढणाऱ्या मिठाचे मोल ठाऊक आहे, त्याला ही एक ओळ वाचून क्वेइचौचा डोंगरी माणूस आपल्या सग्यासोयऱ्यांतला वाटल्यावाचून राहणार नाही. सेचवान आणि हूनान यांची आजची जळजळीत पाकपद्धती त्यानंतरची आहे. कोरियात १६१४ च्या एका ग्रंथात मिरची जपानहून आल्याचा उल्लेख आहे, आणि तेथील किमची तांबडी झाली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. हंगेरीत ती तुर्कांच्या अमदानीत आली. सरदारांच्या मेजावर मिरी आणि शेतकऱ्यांच्या कढईत पापरिका, अशी तेथेही वाटणी होती, आणि शेवटी शेतकऱ्याचा गुलाश हाच त्या राष्ट्राचा मानबिंदू ठरला. मलाक्क्याच्या वाटेने ती सयाम आणि जावा येथे गेली. इथिओपियात बेर्बेरे नावाच्या मिश्रणाचा ती आधार झाली. स्पेनमध्ये व्हेराच्या खोऱ्यात ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळून तिने निराळाच गंध धारण केला. सर्वत्र पदार्थ वेगळे, पण इतिहासाचा ओघ पुष्कळसा एकच: राजवाड्याने उशिरा ओळखलेली वस्तू झोपडीने आधीच आपली मानलेली.

हंगेरीच्या त्या पापरिकेने पुढे शास्त्राचीही मोठी सेवा केली. सेगेद येथे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाला ‘क’ जीवनसत्त्व विपुल प्रमाणात हवे होते, ते त्याला गावच्या मिरचीतून मिळाले आणि १९३७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक प्राप्त झाले. ज्या कुणब्याच्या ताटात फळे वर्षाकाठी मोजकी येत, त्याला हिरव्या मिरचीने हे सत्त्व रोजच्या रोज पुरविले, ही गोष्ट तिच्या तिखटपणाहून कमी महत्त्वाची नाही. तिखटपणाविषयी एक व्यापक गैरसमज आहे की तो बियांत असतो. प्रत्यक्षात बिया ज्यांना चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट शिरांत तो निर्माण होतो आणि बियांना केवळ लागतो. ते द्रव्य सस्तन प्राण्यांच्या जिभेला पोळते, पक्ष्यांना मात्र जाणवतही नाही. म्हणून रानात मिरचीचा प्रसार पक्ष्यांनी केला. माणूस हा एकच सस्तन प्राणी असा निघाला की ज्याने ही वेदना पत्करली आणि तिची गोडी लावून घेतली.

ती गोडी या भागात कोणत्या कळसाला पोचली आहे हे पाहावयाचे तर माघ-फाल्गुनात कोल्हापूरकडच्या कोणत्याही घरी जावे. वर्षाची चटणी करण्याचे ते दिवस. (आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणी असेच म्हणतात आणि ती संपणे हे घरात धान्य संपण्याइतकेच चिंतेचे मानले जाते.) गडहिंग्लजच्या किंवा बेळगावच्या बाजारातून मिरची येते: लांब, बारीक, अंगावर सुरकुत्या असलेली संकेश्वरी तिखटपणासाठी आणि चुणीदार, गर्द ब्याडगी रंगासाठी, ज्यांना आणखी झणका हवा ते लवंगीची भर घालतात. मिरची अंगणात उन्हाने खडखडीत केली जाते. मग बायका गोलाकार बसून देठ खुडतात, आणि तासाभराने बोटांची आग होऊ लागली की हाताला तेल चोळतात. कांदा उभा चिरून आधी उन्हात सुकवतात आणि मग तेलात तांबूस होईतो तळतात. खोबरे किसून भाजतात. धने, जिरे, तीळ, खसखस एकेक करून परततात, कारण प्रत्येकाचा भाजण्याचा क्षण वेगळा आणि एकत्र टाकले तर तीळ करपतात व धने कच्चे राहतात. लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, हळकुंड, मेथी, हिंग हे सारे तळून वेगळे. हा सरंजाम डोक्यावर घेऊन डंकावर जावयाचे. पूर्वी हेच काम घरच्या उखळात दोघी-तिघींनी मुसळाचे घाव आळीपाळीने घालून व्हायचे. आता विजेचा डंक आला, तरी भोवतालचा ठसका तोच आहे, आणि नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या बायका आपापल्या डब्यावर तितकीच करडी नजर ठेवून असतात. शेवटी लसूण, आले, कोथिंबीर व खडे मीठ कुटून त्यात मिसळावयाचे, सारे दाबून बरणीत भरावयाचे आणि वर हिंगाचा खडा ठेवावयाचा.

या मिश्रणात मिरीही असते. सेरांनी मोजलेल्या मिरचीत मूठभरही नव्हे, अशी ती इतर मसाल्यांच्या गर्दीत पडते. जिच्यासाठी गोव्यावर तोफा चालल्या, वेंगुर्ले व कारवार येथे वखारी उभ्या राहिल्या आणि समुद्रावर परवाने लादले गेले, ती मिरी आज या चटणीत एक सहायक जिन्नस आहे आणि जिच्यासाठी एकही तह झाला नाही ती मिरची मुख्य आहे. व्यापाराच्या इतिहासकारांनी मिरीवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले ते योग्यच. पण माणसांच्या जेवणाचा इतिहास लिहावयाचा असेल तर वखारींच्या दप्तराबाहेर, परसातल्या वाफ्याकडे पाहावे लागेल असे मला निश्चयाने वाटते.

इंग्रजी अमलात बेळगावला छावणी झाली आणि तिचा वेंगुर्ले बंदराशी संबंध प्रथम रामघाटानेच राखला गेला. पुढे आंबोलीवरून पारपोली घाटाचा गाडीरस्ता झाला, १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर लोहमार्गाने देशाशी जोडले गेले आणि रामघाटाची रहदारी ओसरली. चंदगड त्या काळी बेळगाव जिल्ह्यात मोडे. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तो कोल्हापूरला जोडला गेला. तथापि बाजाराची ओढ हुकमाने बदलत नाही. कोवाड, पाटणे, तुर्केवाडी येथील माणूस आजही बेळगाव आणि गडहिंग्लज या दोन्ही पेठांत सारख्याच सहजतेने वावरतो. त्याच्या शेतात पाहिले तर समुद्रापारच्या पाहुण्यांचीच गर्दी दिसते: डोंगर-उतारावर काजू, माळावर रताळी, बांधावर मका, परसात मिरची. ही सर्व अमेरिकेची लेकरे आहेत, आणि काजूवर तर या तालुक्याचे कितीएक संसार उभे राहिले आहेत.

मिरचीची स्थिती मात्र तितकी सुखाची नाही. हिरण्यकेशीच्या खोऱ्यात जेथे जेथे पाणी पोचले तेथे ऊस आला. जेथे पोचले नाही तेथे सोयाबीन आले. आणि पाने आकसून टाकणाऱ्या चुरडा-मुरड्याने जवारी, म्हणजे देशी, मिरचीच्या शेतकऱ्याचा धीर खचविला. ब्याडगीला २०११ मध्ये आणि गोव्याच्या काणकोणातील खोलच्या मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची वार्ता आहे. परंतु मानांकनाने बी टिकत नाही, बी टिकते ते शेतकऱ्याने दरसाल आपल्या रानातल्या सशक्त झाडाची पिकलेली फळे वेगळी काढून ठेवली तरच. आंध्रातून येणारी मिरची स्वस्त असते, वजनात भरते, आणि चटणीत पुष्कळशी खपूनही जाते. तरीही हिवाळा सरता सरता गडहिंग्लजच्या बाजार समितीत मिरचीचे सौदे निघू लागले की चंदगडच्या बाजूचे जाणते गिऱ्हाईक जवारी मालाच्या ढिगाशीच जाऊन बसते. मूठभर मिरची हातात घेऊन दाबते, एक मधोमध मोडते, आतली शीर पाहते, वास घेते, आणि माल संकेश्वरी असल्याची खात्री पटली म्हणजे चार पैसे अधिक मोजावयास मागेपुढे पाहत नाही.